अलीकडे बंदूक, पलीकडे आपटा

माझ्या भटकंतीच्या लेखांखाली एक प्रश्न अधूनमधून येतो. ‘परवाना असेल तर बंदूक घेऊन जंगलात ट्रेक करता येतो का?’ विचारणारा बहुधा परदेशातले व्हिडिओ पाहून आलेला असतो. आजवर मी एका ओळीत उत्तर देऊन मोकळी होत असे: नाही, आणि असले उद्योग करू नका. यंदाचा दसरा बुलढाणा जिल्ह्यात काढून आले आणि ती एक ओळ काही मला लिहवेना.

सुरुवात काकांच्या फोनने झाली. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सत्तरी ओलांडलेले, पक्के शेतकरी, फोनवर कामापुरतंच बोलणारे.

“दसऱ्याले येशीन काय? सोबत पाह्यजे मले.”

“कुठं जायचंय?”

“सोनं आणाले.”

काकांचं गाव अभयारण्याच्या कडेला आहे. त्यांच्याकडे एकनळी बारा बोरची बंदूक आहे, वडिलांच्या वेळची. परवाना शेतीसंरक्षणाचा. मक्यात रानडुकरं शिरली की बांधावर उभं राहून ते हवेत एक बार काढतात आणि घरी येऊन झोपतात. दसऱ्याला मात्र पूजा झाली की तीच बंदूक खांद्याला लावून ते गावाबाहेरच्या टेकडीवर चालत जातात आणि तिथल्या आपट्याची पानं आणतात. ती देवळात वाहिली की मग गाव एकमेकांना सोनं देतं. बंदूक एक तर सीमोल्लंघन शस्त्रानिशी करायचं म्हणून. आणि दुसरं कारण असं, की त्या दिवसांत टेकडीवर सीताफळं पिकतात आणि सीताफळांवर अस्वलं येतात.

गेल्या वर्षी परतताना त्यांना नव्या वनरक्षकाने हटकलं होतं. पुन्हा बंदुकीसकट दिसलात तर केस होईल, बंदूक जप्त होईल, परवाना जाईल, एवढं सांगून त्याने सोडून दिलं. हे ऐकून अकोल्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने हात वर केले: मी येणार नाही आणि तुम्हीही जायचं नाही. काकांचं म्हणणं, टेकडी ई-क्लास आहे. ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान. तिकडे शाळेची पायरी न चढलेला माणूसही हा शब्द सराईतपणे वापरतो.

मी कुठेही जाण्याआधी परवानग्या, वेळा, जंगलाची फाटकं, सगळं विचारून घेणारी बाई आहे. लोक मला त्यावरून चिडवतात. मी काकांना म्हटलं, आधी नीट विचारू, मग जाऊ.

“विचार ना,” काका म्हणाले. “तुले लोकं उत्तरं तरी देतात.”

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी शेगावला उतरले. तिकीट बरंच आधी काढावं लागतं, दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी बारमाही असते. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली. शेगावला जाऊन कचोरी न खाल्ल्याचं मावशीला कळलं असतं तर तिने मला उलट पाठवलं असतं. तिथून एसटीने खामगाव आणि खामगावहून बोथ्याच्या घाटातून जाणारी बुलढाण्याची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हा सगळा प्रवास फारच स्वस्तात पडतो. खिडकीची जागा मात्र सोडू नका. घाटात सागाची पानं अगदी खिडकीपर्यंत येतात.

शेजारी एक बाई मांडीवर सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, “अभयारण्य कुठून सुरू होतं हो?”

“हे काय, झालं ना सुरू.”

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, “अजून तेच चाललंय का?”

“नाही, आता शेतं आहेत.”

बाहेर शेत मला एकही दिसलं नाही. आणखी पुढे गेल्यावर ती आपण होऊनच म्हणाली, “आता ई-क्लास लागलं पाहा.” मी डोकं बाहेर काढून पाहिलं. तोच साग, तोच पळस, त्याच शेळ्या. मी मान डोलावली, कारण तिला माझ्या अज्ञानाची दया येऊ लागली होती.

फाट्यावर काका मोटरसायकल घेऊन उभे होते. घरी पोचल्यावर मावशीने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा पुढे केला, आणि मी जेवत असतानाच म्हणाली, “तूच सांग माय त्याईले. बिनबंदुकीचे जा म्हणलं तं म्हणतात, मंग ते नुसतं फिरनं झालं.”

दुसरा दिवस आम्ही विचारण्यात घालवला. बंदूक घरी, काका आणि मी मोटरसायकलवर. पहिल्यांदा पोलीस ठाणं. तिथल्या जमादारांनी नीट ऐकून घेतलं. “परवाना शिवारापुरता आहे,” ते म्हणाले. “शिवारात कोठीही न्या. शिवाराभायेर नका काढू.”

“टेकडी शिवारात येते का?”

“ते तलाठ्याले विचारा.”

तलाठ्याने नकाशा पसरला. टेकडी शिवारात होती, ई-क्लासही होती. काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. “पण,” तलाठी म्हणाले, “अभयारण्याची हद्द या नकाशात नाही. ते फॉरेस्टवाल्याले मालूम.”

फॉरेस्टच्या ऑफिसातले साहेब सगळ्यांत स्पष्ट बोलले. नाल्याच्या अलीकडे तुमचं, पलीकडे अभयारण्य. अलीकडे परवान्याप्रमाणे बंदूक बाळगा, आमचं काही म्हणणं नाही. पलीकडे हत्यार न्यायचं तर फार वरची लेखी परवानगी लागते आणि आपट्याच्या पानांसाठी ती कोणी देणार नाही. गावाची देवाची वाट आहे ती, पायी जाणाऱ्याला दसऱ्याला आम्ही अडवत नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोनदा आभार मानले. शेवटी एकदाचं सरळ उत्तर मिळालं होतं.

बाहेर येऊन चपला घालताना काका म्हणाले, “पण कोणता नाला?”

“म्हणजे?”

“टेकडीपाशी त्याचे दोन होतात ना. एक अलीकडून जाते, एक पलीकडून. आपटा मधात आहे.”

आम्ही परत आत गेलो तर साहेब दौऱ्यावर निघून गेले होते. बाबूंनी फाइलमधून मान वर न करता सांगितलं, “मोठा नाला धरायचा.” मी काकांना विचारलं, दोघांत मोठा कोणता? काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “एक रुंद आहे अन् एक खोल आहे.”

चहाच्या टपरीवर माझा संताप अनावर झाला. एवढं मोठं सरकार, एवढे नकाशे, आणि एक झाड कुणाचं हे कुणाला सांगता येत नाही. मोबाइलवरच्या नकाशात पाहिलं तर जंगलाचा हिरवा रंग काकांच्या गोठ्यातून गेला होता. काका शांतपणे बशीतला चहा पीत होते. बशी थोडी वाजत होती. “तुले अजून खरी गोम समजली नाही,” ते म्हणाले. “आपटा नाल्याच्या अलीकडे असला तं मी शीव ओलांडलीच नाही. मंग सीमोल्लंघन कायचं? अन् पलीकडे असला तं परवाना जाते. म्हणजे झाड एकाच वेळी आपल्या हद्दीत बी पाह्यजे अन् हद्दीभायेर बी पाह्यजे.”

मी ते पुन्हा सांगायला लावलं. दोनदा ऐकूनही डोक्यात बसलं नाही. मग बसलं, आणि मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. हा माणूस इतकी वर्षं दर दसऱ्याला ज्या रेषेवरून चालत आला ती रेषा आता कुणीतरी खरीच करून ठेवली होती.

संध्याकाळी मावशी बंदुकीची खोळ शिवत बसली होती, जुन्या गोधडीची, उसवलेली. तिच्याशेजारी बसून मी तोडगा काढला. मला तो इतका सुरेख वाटला की मी काकांना अंगणातून हाक मारून बोलावलं. काका बंदुकीसकट अलीकडच्या नाल्याशी थांबतील. तिथवर ई-क्लास आहे, याबद्दल तरी कुणाचं दुमत नाही. नाला ओलांडून मी एकटी, रिकाम्या हाताने जाईन आणि पानं आणीन. शस्त्र शिवेपर्यंत जाईल, शीव घरचं माणूस ओलांडेल. परवाना सुखरूप, दसराही सुखरूप.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे शीव तू ओलांडशीन अन् मी पाहत राहीन.”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले.

दसऱ्याला दुपारी पुरणाचं जेवण झालं. मग पाटावर बंदूक ठेवून पूजा झाली. काका दस्त्यावर कुंकू लावायला गेले तर ते लाकडावर भलतीकडेच पसरलं. मावशीने कुंकवाची कोयरी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः बोट टेकवलं. नळीला झेंडूची माळ बांधली. मला त्या बंदुकीसोबत फोटो काढायची फार इच्छा होती, म्हणून हात पुढे केला.

“हात लावू नको,” काका म्हणाले. “परवान्यावर तुहं नाव नाही.”

टेकडीची वाट तासाभराची आहे, चढ फारसा नाही. सोयाबीन सोंगायला आलेलं, कपाशीला बोंडं धरलेली. शेतं संपली की ई-क्लासचा माळ लागतो, गुडघाभर गवताचा. पायात बूट हवेत आणि पाणी घरूनच न्यायला हवं, वाटेत मिळत नाही. खोळीतल्या बंदुकीची माळ काकांच्या पाठीवर हलत होती. काडतूस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. मी दहादा विचारून घेतलं की ते त्यांच्याच खिशात असायला हवं ना, माझ्या पिशवीत नको ना. रस्त्यात भेटलेले सगळे काकांना वाकून रामराम करत होते. एरवी अबोल असलेले काका त्या वाटेवर भरभरून बोलले, कुठल्या खडकाखाली साळिंदर असतं, कुठे त्यांच्या वडिलांना पहिल्यांदा अस्वल दिसलं. मला तेव्हा कळलं की सोनं आणणं हे निमित्त आहे, वर्षातली ही एक चाल त्यांची स्वतःची आहे. ती त्यांच्याकडून जाऊ नये असं मला मनापासून वाटलं.

नाला आला. घोटाभर पाणी, काठावर एक सपाट खडक. काका खडकावर बसले, खोळ काढली, काडतूस घातलं आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली. “वर सरळ जाय. वाजवत जाय काहीतरी. काही वाटलं तं आवाज दे, मी आहेच.”

मी पाणी ओलांडलं. आपटा हाकेच्या अंतरावर होता, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा भारी वाटत होतं. परवाना, हद्द, रूढी, सगळ्यांना एकाच वेळी पटणारी अशी मी एकटीच त्या टेकडीवर होते. पानं तोडून ओढणीत घेतली. खाली उतरायला वळले, आणि माझ्या उजवीकडच्या सीताफळीच्या जाळीतून मोठ्याने श्वास ओढल्याचा आवाज आला. आधी वाटलं म्हैस असेल. मग ते मागच्या पायांवर उभं राहिलं.

अस्वलाबद्दल मी पूर्वी एक लेख लिहिला आहे. पळू नका, पाठ फिरवू नका, हळूहळू मागे सरका. त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. मी फक्त “काका” म्हणाले, आणि ते इतक्या हळू, की ते नाल्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

पण काका आधीच निघाले होते. खालून ते धावत येताना दिसले, डुकरांना हाकलताना काढतात तसा “हाऽऽ हाऽऽ” आवाज काढत, डोक्यावर उपरणं गरागरा फिरवत. दुसऱ्या हातात काही नव्हतं. मी त्या हाताकडेच पाहत राहिले. ते माझ्या बाजूने पुढे गेले, मला खांद्याने मागे ढकललं आणि माझ्या नि अस्वलाच्या मध्ये उभे राहून ओरडत राहिले. अस्वल खाली टेकलं, फुरफुरलं, आणि जाळी मोडत पलीकडे उतरून गेलं. सगळं संपल्यावर काका आपट्याखाली बसले.

“बंदूक?” मी विचारलं.

“खडकावर आहे,” ते म्हणाले.

आम्ही खाली आलो तेव्हा खडकाशेजारी वनरक्षक उभा होता, गेल्या वर्षीचाच. ओरडा ऐकून तो पळत आला होता, अजून धापा टाकत होता. बंदुकीला त्याने हात लावला नव्हता, फक्त तिच्याकडे पाहत उभा होता. भरलेली बंदूक उघड्यावर सोडून जाणं यालाही काही कलम असणार, आणि तोडगा माझा होता.

“बंदूक कोणाची?” त्याने विचारलं.

“माही.”

“तुम्ही कोठी होते?”

“वर.”

“अन् बंदूक इथं?”

“हाव.”

त्याने नाल्याकडे पाहिलं, वरच्या झाडाकडे पाहिलं, टेकडीला वळसा घालून गेलेल्या दुसऱ्या नाल्याकडे पाहिलं. “बंदूक आहे तं माह्या हद्दीत नाही,” तो सावकाश म्हणाला, “अन् माणूस हद्दीत गेला तं त्याच्यापाशी बंदूक नाही. मी लिहू काय?”

“नाल्याचं तुम्हाला नक्की माहीत आहे का? हाच की तो?” मला राहवलं नाही.

“बाई, मले दोन वर्षं झाले इथं. मीही विचारूनच राह्यलो.” मग त्याचं लक्ष माझ्या ओढणीकडे गेलं. “तिकडून पानं तोडनं बी गुन्हा आहे, मालूम आहे ना?”

मला मालूम नव्हतं. दिवसभर तीन ऑफिसं फिरून बंदुकीचं सगळं विचारलं आणि पानांचं विचारायचं राहिलं. काकांनी ओढणीतली दोन पानं उचलली आणि त्याच्यापुढे धरली. “सोनं घ्या साहेब.” त्याने क्षणभर पाहिलं, मग पानं घेतली, काकांच्या पायांना हात लावला आणि पानं गणवेशाच्या खिशात घातली. “आधी काडतूस काढा,” तो म्हणाला. काकांना ते काढायला वेळ लागला.

गावात देवळापुढे माणसं वाट पाहत होती. अस्वलाची बातमी आमच्या आधी पोचली होती आणि तिच्यात आतापर्यंत दोन अस्वलं झाली होती. काकांनी बंदूक कशी रोखली असेल यावर चर्चा चालली होती. काका पानं घेऊन थेट देवळात गेले आणि मी त्यांच्यामागून.

परतीच्या गाडीत आणि नंतर पुण्यात आठवडाभर माझं डोकं एकाच जागी फिरत राहिलं. आयुष्यभर अस्वलासाठी म्हणून जी बंदूक त्या टेकडीवर नेली, ती अस्वल समोर आल्यावर नेमकी खाली ठेवली. का? परवाना जाईल म्हणून? मग माझ्या जिवापेक्षा परवाना मोठा ठरला, याचा मला राग येई. लगेच दुसरा विचार येई, की परवान्यासाठी बंदूक ठेवली आणि माझ्यासाठी स्वतः रिकाम्या हाताने अस्वलापुढे आले. मग स्वतःचीच लाज वाटे. माझ्या तोडग्यामुळे हे झालं, हेही होतंच. एका वकील मैत्रिणीने सांगितलं, जीव वाचवण्यासाठी वापरलेल्या हत्याराचा कायदा वेगळा विचार करतो. ते ऐकून गोंधळ आणखी वाढला.

म्हणून मी वाचकांसाठी निदान उत्तर तरी नीट लिहायला घेतलं. परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे ते आधी पाहा. अभयारण्यात हत्यार नेऊ नका, तिथलं पानही तोडू नका. दुसऱ्याच्या बंदुकीला हात लावू नका. सीताफळाच्या दिवसांत त्या टेकड्यांवर वाट सोडून जाऊ नका. सगळं बरोबर होतं आणि तरी ते कुठेतरी खोटं वाटत होतं.

अशात काकांचा फोन आला. “बंदूक उद्या ठाण्यात जमा करून राह्यलो. परवाना बी वापस करतो.”

“गार्डने काही केलं का? केस झाली का?”

“नाही ना. त्यानं काहीच नाही केलं. मीच.”

मग मी विचारून टाकलं. “काका, तुम्ही बंदूक खडकावर का ठेवली? हद्दीमुळे?”



“हद्द कोणाले आठवते तवा,” काका म्हणाले. “हातात असती तं माह्याकून बार निघालाच असता. अन् माहे हात आता कसे थरथरतात, तू पाह्यलं ना. मधात तू होती.”